गोलावर वर्ग का चालत नाही?

प्रश्न : एका संमिश्र चलात 'क्षचा वर्ग' हे फलन एकक चकतीला तिच्यावरच नेते आणि काठ काठावरच ठेवते. दोन चलांत एकक गोलावर मी (क्षचा वर्ग, यचा वर्ग) घेऊन पाहिले, पण जमले नाही. माझे सूत्र चुकले, की असे सूत्रच नाही?
– एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : असे, म्हणजे एकास-एक नसलेले, सूत्रच नाही. हे मला कळले तेव्हा माझी एक अख्खी वही भरली होती, म्हणून तुमचा प्रश्न वाचून आत काहीतरी हलले.

तुमचे सूत्र कुठे मोडते ते आधी पाहू. एकक गोलात क्ष आणि य यांच्या मापांच्या वर्गांची बेरीज १ पेक्षा कमी असते, काठावर बरोबर १. क्ष आणि य दोन्ही '१ भागिले २चे वर्गमूळ' घ्या. १/२ + १/२ = १, म्हणजे बिंदू काठावर आहे. वर्ग केल्यावर दोन्ही घटक १/२ होतात आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १/४ + १/४, म्हणजे १/२. काठावरचा बिंदू आत पडला. प्रॉपर मॅपिंगची अट तर हीच, की बिंदू काठाकडे सरकले की त्यांच्या प्रतिमांनीही काठाकडेच सरकले पाहिजे.

मीही असेच घात बदलून, गुणक बदलून पाहत होते. माझ्या सरांनी वही चाळली आणि एवढेच विचारले, "तुझ्या जॅकोबियनची शून्ये कुठे जाऊन थांबतात?" जॅकोबियन म्हणजे विकलजांचा निश्चयक; तो शून्य होतो तिथे मॅपिंग एखादी दिशा चिरडून टाकते. उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले, पण सगळे मर्म त्या प्रश्नातच होते.

एका चलात 'क्षचा वर्ग' याचे विकलज फक्त केंद्रात शून्य होते. तो एकटा बिंदू काठापासून दूर, आत निवांत बसू शकतो. म्हणून चकतीवर ब्लाश्के गुणाकार, म्हणजे काठ काठावरच ठेवणारी फलने, हव्या तितक्या घातांचे मिळतात. दोन चलांत जॅकोबियनची शून्ये एकटी राहत नाहीत, त्यांची वक्र रेषा होते. ती गोलाच्या आतच मिटू शकत नाही. मिटली तर महत्तम तत्त्वानुसार (ज्याचे माप आतच सर्वाधिक होते ते फलन स्थिरच असते) तिच्यावर क्ष आणि य दोन्ही स्थिर होतील, म्हणजे रेषेचा बिंदूच होईल. तेव्हा तिला काठापर्यंत जावेच लागते.

आणि गोलाचा काठ तिला येऊ देत नाही! मॅपिंग काठापर्यंत गुळगुळीत आहे असे धरा. काठाला लंब दिशा हॉप्फच्या प्रमेयामुळे चिरडली जात नाही. काठाला स्पर्श करणारी संमिश्र दिशा चिरडली गेली, तर त्या दिशेत काठ सपाट असावा लागेल. गोल मात्र कुठेच सपाट नाही. म्हणजे शून्ये काठावर पोचत नाहीत, आणि आत अडकूनही राहत नाहीत. शून्ये नाहीतच. मग मॅपिंग आच्छादन ठरते, म्हणजे प्रत्येक बिंदूभोवतीचा भाग सुट्या, तशाच प्रतींनी झाकला जातो, आणि गोलात न आकसणारे वेटोळे नसल्यामुळे ते एकास-एक होते. हर्बर्ट अलेक्झांडर यांनी १९७७ साली हे काठाबद्दल काहीही गृहीत न धरता सिद्ध केले : दोन किंवा अधिक चलांत गोलाचे स्वतःवरचे प्रत्येक प्रॉपर होलोमॉर्फिक (संमिश्र विकलज असलेले) मॅपिंग हे ऑटोमॉर्फिझमच, म्हणजे एकास-एक आणि उलटही तसेच होलोमॉर्फिक, असते. मला आजही हे विधान फळ्यावर लिहिताना थांबावेसे वाटते.

सपाटपणा खरोखरच दोषी आहे का, हे तपासायचे असेल तर क्षच्या मापाचा चौथा घात अधिक यच्या मापाचा वर्ग १ पेक्षा कमी, असे अंड्यासारखे क्षेत्र घ्या. (क्षचा वर्ग, य) हे मॅपिंग त्याला गोलावर नेते. ते प्रॉपर आहे, आणि एकंदरीत दोनास-एक. त्याच्या शून्यांची रेषा, क्ष = ०, काठाला जिथे भिडते, नेमका तिथेच अंड्याचा काठ सपाट आहे. हे एक उदाहरण स्वतः कागदावर करून पाहा.

राहिला तुमचा हरवलेला अर्धा. वरच्या उदाहरणात बेरीज १/२ आली होती. मध्ये 'वर्गमूळ २ गुणिले क्ष गुणिले य' हा तिसरा घटक घाला : १/४ + १/२ + १/४ = १. काठावरच्या प्रत्येक बिंदूसाठी हे खरे ठरते, कारण ते (अ + ब) च्या वर्गाचे विस्तारसूत्रच आहे; अ आणि ब म्हणजे क्ष आणि य यांच्या मापांचे वर्ग. म्हणजे दोन चलांच्या गोलातून तीन चलांच्या गोलात तुमचे वर्ग पोचतात. काठापर्यंत पुरेशी गुळगुळीत असलेली अशी मॅपिंगे, दोन्ही गोलांचे ऑटोमॉर्फिझम बाजूला ठेवले तर, अवघी चार आहेत. जेम्स फॅरन यांनी १९८२ साली ती शोधून दाखवली. तुमचे हे त्यांतले एक. दुसऱ्यात (क्ष, क्ष×य, यचा वर्ग) असे घटक येतात. त्याची बेरीज काठावर १ येते का, ते करून मला कळवा.