व्हिडिओ गेम खेळून टीनएजर मुलांचं डिप्रेशन खरंच कमी होतं का?

हो, पण कुठलाही गेम चालत नाही, त्यासाठीच बनवलेला लागतो. ऑकलंड विद्यापीठाच्या टीमने केलेला स्पार्क्स घ्या, सात लेव्हल आहेत, अंगावर येणारे निगेटिव्ह विचार शूट करायचे आणि मग गेममधला गाइड विचारतो की हे आता रोजच्या आयुष्यात कसं वापरशील. खरं औषध तिथे आहे, शूटिंग नुसतं निमित्त! २०१२ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याची ट्रायल आली, न्यूझीलंडमधली १२ ते १९ वयाची १८७ मुलंमुली होती त्यात, आणि नेहमीच्या समुपदेशनापेक्षा गेम काही कमी पडला नाही. फक्त ही सौम्य ते मध्यम डिप्रेशनवाली मुलं होती हं, जीव द्यायची भाषा करणाऱ्याच्या हातात गेम देऊन वाट बघत बसू नका, थेट डॉक्टरकडे न्या.