रक्त तपासणीच्या आधी काढे, चूर्णं बंद करावीत का? लॅबवाले तर काही विचारत नाहीत.

आधी तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल. विचारतो. मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि "कुठली औषधं चालू आहेत?" हे विचारल्याशिवाय सॅम्पल घेत नाही. लोक बीपीची, शुगरची गोळी सांगतात. चूर्ण सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. मग रिपोर्ट विचित्र आला की चुकते ती लॅब.

माझे चुलत सासरे, आप्पा, गावच्या भजनी मंडळात गातात. बीपीच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. तरी बीपी उतरेना. पायात गोळे यायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि पोटॅशियम आलं 2.7. साधारण 3.5 ते 5.1 असायला हवं, 2.7 ला हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मी कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय ना हे पाहायची, आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पल) पाहिले, तेच सॅम्पल परत लावलं, ताजं रक्त घेऊन पुन्हा लावलं आणि डॉक्टरांना फोन केला. दीर मात्र चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तुमचं मशीन बिघडलंय. नाहीतर रक्त नीट काढलं नसणार."

हे मला अजून बोचतं. रक्त काढताना पेशी फुटल्या किंवा सॅम्पल तासन्‌तास तसंच पडून राहिलं, तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. वाढतो, कमी होत नाही! खोटा कमी यायचा तर सहसा सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलेलं असतं, आणि आप्पा तर घरून चालत आले होते. भाऊजी त्यांना शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये घेऊन गेले. तिथेही जवळपास तेवढंच.

ॲडमिट केल्यावर फिजिशियननी खोदून विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "गळ्यासाठी ज्येष्ठमध घेतात की रोज." पावसाळ्यापासून सकाळ-संध्याकाळ चमचाभर पूड, शिवाय भजनाला बसताना तोंडात काडी. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. ते एन्झाइम तिथलं कॉर्टिसॉल हे हार्मोन निकामी करत असतं. ते अडलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखं, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं, वागायला लागतं. मीठ-पाणी शरीरात साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातं. त्यावर आप्पांची ती लघवीची गोळी, तीही पोटॅशियम घालवणारीच! पूड बंद केली, पोटॅशियम दिलं, काही आठवड्यांत आकडा जागेवर आला आणि बीपीची एक गोळीही कमी झाली. युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर ग्लिसिरायझिन घेऊ नये असा सल्ला आहे. आपल्याकडे डब्यात चमचा घालायचा, मोजतंय कोण?

"नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय," असं भाऊजी आजही म्हणतात. काहीच होत नसेल तर घेता कशाला? ज्या वनस्पतीत गुण आहे, तिचा परिणाम रक्तात दिसणारच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये शंखपुष्पीच्या औषधाबद्दल लिहिलंय. फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचा आजार ते औषध सुरू असताना हाताबाहेर गेला, आणि उंदरांवर पाहिलं तर फेनिटॉइनची रक्तातली पातळीच उतरलेली. 2020 च्या शेवटी मुंबईत गुळवेल घेणाऱ्या 6 जणांना यकृताचा त्रास झाल्याचा शोधनिबंध पुढच्या वर्षी आला. ती वनस्पती गुळवेलच होती हे तपासलं नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. आक्षेप रास्त धरला, तरी तुमच्या कुंपणावरची वेल गुळवेलच आहे हे तुम्ही कुठे तपासलंय?

या सगळ्यात रिपोर्ट खराच असतो, शरीरच बदललेलं असतं. खोटा रिपोर्ट ही वेगळी गोष्ट. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची पातळी मोजणाऱ्या काही किट अश्वगंधेला फसतात, कारण तिच्यातल्या घटकांची रचना डिगॉक्सिनशी थोडी जुळते. आवळ्याचा रस भरपूर प्यायलात तर क जीवनसत्त्वामुळे लघवीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही दिसत नाही. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडेही हलू शकतात.

तर बंद करावं का? आदल्या रात्री बंद करून फारसं काही साधत नाही. ज्येष्ठमधाचा परिणाम तर सोडल्यावर आठवडा-दोन आठवडेही टिकतो. स्वतःच्या मनाने बंद करण्यापेक्षा पाकीट किंवा बाटली बरोबर न्या आणि नाव फॉर्मवर लिहून घ्या. सुटं चूर्ण असेल तर कुणी दिलं, किती घेता, कधीपासून, हे सांगा. वैद्यांनी दिलेलं असेल तर त्यांनाही विचारा. मी डॉक्टर नाही, औषध थांबवायचं की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. भाजीतली हळद, फोडणीतला लसूण याबद्दल मी बोलत नाहीये. पण हृदयाची झडप बदललेली असेल आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल, तर लसणाच्या कॅप्सूल किंवा हळदीच्या गोळ्या आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी) करायच्या आधी नक्की सांगा.

आणि रिपोर्टवर विश्वास बसत नसेल तर खुशाल दुसऱ्या लॅबमध्ये जा, तो तुमचा हक्क आहे. पण तिथे तरी चूर्णाचं नाव घ्या. भाऊजींनी तिथेही घेतलं नव्हतं.