निरोपाची वेळ कोणी ठरवायची?

प्रश्न : आमची मांजरी 14 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला मूत्रपिंडाचा जुनाट आजार असल्याचे निदान झाले. पथ्याचे अन्न, औषधे आणि घरीच त्वचेखाली दिले जाणारे सलाईन यांवर तिचे बरे चालले होते. परंतु महिन्याभरात तिचे वजन झपाट्याने उतरले, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साचणारा घटक) 6 च्या वर गेले आणि आता भरवल्याशिवाय ती खात नाही. डॉक्टरांनी दयामरणाचा विचार करण्यास सुचवले आहे. पण ती अजूनही मांडीवर येऊन घुरघुरते. तिला जगायचे आहे असेच मला वाटते. माझे पती म्हणतात की मरण नैसर्गिकच यावे. वेळ आली आहे हे ओळखायचे कसे? आणि आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचे?

उत्तर : जुनाट आजारात ‘हीच ती वेळ’ असा एकच क्षण बहुधा येत नाही. काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा एक काळ येतो आणि त्यातला कोणताही दिवस निवडला तरी ती चूक ठरत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या काळात पोहोचला आहात असे मला वाटते, आणि हे मी आडवळणाने सांगणार नाही.

मूत्रपिंडातील गाळणी करणारे सूक्ष्म घटक एकदा नष्ट झाले की पुन्हा तयार होत नाहीत. साधारण तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यावरच क्रिएटिनीन सामान्य मर्यादा ओलांडते, म्हणजे निदान झाले तेव्हाच हा आजार बराच पुढे गेलेला होता. तुमच्या शुश्रूषेत काही उणे राहिले म्हणून हे घडलेले नाही. क्रिएटिनीन 5 मिलिग्रॅमच्या वर गेले की आजार चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात धरला जातो. तरीही केवळ आकड्यावरून निर्णय घेऊ नये, कारण एवढ्याच आकड्यावर एखादे मांजर स्वतःहून खाते, अंग चाटून स्वच्छ ठेवते, तर दुसरे सतत मळमळ, तोंडातील व्रण आणि रक्तक्षय यांनी खंगून कोपऱ्यात पडून राहते.

घुरघुरण्याविषयी मात्र सावध राहा. मांजर सुखात घुरघुरते तसेच वेदनेत, भीतीत आणि प्रसूतीच्या वेळीही घुरघुरते. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच आहे. त्यापेक्षा चेहरा नीट पाहा. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात : कान बाजूला वळलेले आहेत का, डोळे अर्धवट मिटलेले आहेत का, तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ झाल्या आहेत का आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकले आहे का. एकंदर जगण्याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबॉस यांनी 2004 मध्ये मांडलेली मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी 10 पैकी गुण द्यायचे (स्थिती जितकी चांगली तितके गुण जास्त, म्हणजे वेदना कमी असेल तर गुण अधिक) आणि बेरीज 35 च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानायचे. हे गुण तुम्ही आणि तुमच्या पतींनी वेगवेगळे लिहावेत, एकमेकांना न दाखवता. घरातील वाद बहुतेक वेळा मरणाविषयी नसतोच. दोघांना दिसणारे मांजर वेगळे असते.

आता नैसर्गिक मरणाविषयी. या आजाराचे नैसर्गिक मरण झोपेत शांतपणे येईल अशी आशा आपण धरतो, पण प्रत्यक्षात पुष्कळदा अनेक दिवस उलट्या, पराकोटीचा अशक्तपणा, कधी रक्तदाब वाढून अचानक आलेले अंधत्व, तर कधी झटके सोसल्यावरच ते येते. शिवाय ज्या दिवशी तिला पहिले सलाईन दिले, त्याच दिवशी तुम्ही निसर्गाचा क्रम थांबवला होता, आणि ते योग्यच होते. दोन वर्षे मरण लांबवण्याची जबाबदारी घेतल्यावर अखेरचे काही दिवस तेवढे निसर्गावर सोपवणे मला सुसंगत वाटत नाही. पतींना मनाच्या तयारीसाठी वेळ हवा असेल, तर मळमळ थांबवणारे आणि भूक वाढवणारे औषध देऊन थोडे दिवस पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र तोंड फिरवत असताना बळेच भरवू नका, आणि माणसांचे कोणतेही वेदनाशामक देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी जीवघेणे विष आहे.

दिवस आधी ठरवून ठेवा, नाहीतर निर्णय मध्यरात्रीच्या धावपळीत घ्यावा लागतो. डॉक्टर घरी येऊ शकतात का, हेही विचारा. प्रथम गुंगीचे इंजेक्शन देण्याचा आग्रह धरा. त्यानंतर शिरेतून बहुधा पेंटोबार्बिटल हे औषध मोठ्या मात्रेत दिले जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि थोड्याच मिनिटांत हृदय थांबते. कोरड्या पडलेल्या शरीरात शीर लवकर सापडत नाही, त्यामुळे वेळ लागला तर घाबरू नका. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, मरणानंतरही एखादा श्वास घेतल्यासारखी हालचाल दिसते. हे आधी माहीत नसलेल्यांना ती पुन्हा जिवंत झाल्याचा भास होतो. औषध शरीरात टिकून राहते, म्हणून दफन करणार असाल तर खड्डा खोल हवा. इतर प्राण्यांनी तो उकरून शव खाल्ले तर त्यांनाही विषबाधा होते.

मुलीला आधी सांगा, नंतर नव्हे. आजार बरा होणारा नाही, मांजरीला त्रास होत आहे आणि डॉक्टरांच्या औषधाने ती त्रासाविना मरेल, एवढे या वयात समजते. ‘डॉक्टर तिला झोपवणार आहेत’ असे म्हणू नका, नाहीतर मूल स्वतःच्या झोपेला किंवा दवाखान्यातल्या भुलीला घाबरू लागते. त्या वेळी थांबायचे की नाही हे तिला ठरवू द्या, पण दयामरण द्यायचे की नाही हा प्रश्न तिच्यापुढे टाकू नका. ते ओझे मोठ्यांचे आहे.

प्रश्न : आमची वृद्ध मांजरी नुकतीच गेली. तिच्यासोबत वाढलेला बोका तिला शोधत ओरडत फिरतो. लगेच दुसरे पिल्लू आणावे का?

उत्तर : इतक्यात नको. मांजर आपल्या हद्दीला जपते, आणि आधीच अस्वस्थ असलेल्या बोक्याला अनोळखी पिल्लू हे आणखी एक संकट वाटू शकते. त्याच्या जेवणाच्या आणि खेळाच्या वेळा पूर्वीसारख्याच ठेवा. तिचे अंथरूण लगेच धुऊ नका, त्याला वास घेऊ द्या. ओरडणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. खाण्याकडे मात्र बारकाईने लक्ष द्या. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. त्याने पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर दुःखात आहे असे समजून वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या.