पेटी तिच्या हातात राहू द्या

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, चार वर्षं शास्त्रीय गाणं शिकते. सध्या दिवसभर मोबाईलवर अरेथा फ्रँकलिन नावाच्या अमेरिकन गायिकेची गाणी लावते आणि पेटी घेऊन तसंच गायला बघते. तिचे बाबा म्हणतात, हा आरडाओरडा आहे. क्लासच्या बाई म्हणतात, गळा बिघडेल. ऐकू द्यावं का? ही गायिका कोण?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, ऐकू द्या. आणि पेटी काही झालं तरी काढून घेऊ नका.

अरेथाचा जन्म 1942 चा, मेम्फिसचा. वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डी निघत. आई गायची, पियानो वाजवायची. पण अरेथा दहाचीही नव्हती तेव्हा आई वारली. महालिया जॅक्सन, क्लॅरा वॉर्ड अशा भक्तिगीतं गाणाऱ्या मोठ्या बायका घरी येत. पोरगी ऐकून ऐकूनच पियानो शिकली, नोटेशन वाचायला कधी शिकली नाही. चौदाव्या वर्षी तिची पहिली गाणी वडिलांच्या चर्चमध्येच रेकॉर्ड झाली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला दिसतं ते पुढच्या काळात. 1960 मध्ये कोलंबिया कंपनीनं तिला घेतलं. जवळजवळ सहा वर्षं तिच्याकडून जॅझ, नाटकातली गाणी, व्हायोलिनच्या ताफ्यातली गोड गाणी गाऊन घेतली. आवाज तोच होता, तरी म्हणावं तसं नाव होईना. मग अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरनं 1967 च्या जानेवारीत तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेलं आणि पियानोवर बसवलं. ती कृष्णवर्णीय, साथीला तिथलेच गोरे वादक. सुरुवातीला काही जमेना. एकाला इलेक्ट्रिक पियानोवर एक तुकडा सापडला आणि सगळे त्याच्यामागून निघाले. त्या दिवशी एकच गाणं पुरं झालं. रात्री भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी ती परत गेली. पण वाट मिळाली होती. पुढचं काम न्यूयॉर्कला झालं, तेच वादक तिकडे बोलावून.

‘रिस्पेक्ट’ हे गाणं मुळात ओटिस रेडिंगचं, 1965 चं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. अरेथानं ते बाईच्या तोंडी दिलं. त्या शब्दाची अक्षरं एकेक करून ठणकावणं तिचं, मूळ गाण्यात ते नाही. मागे तिच्या बहिणी झेलायला. आपल्याकडे बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात ना, तसंच. ती ते चर्चमधून घेऊन आली होती. 1967 च्या जूनमध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे अठरा ग्रॅमी, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिली स्त्री, हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

मी मिरजेची. वडिलांची पेटी घेऊन मी लहानपणी अभंग म्हणायचे. क्लासला लागले आणि पेटी बंद झाली, फक्त तंबोरा. शिस्त म्हणून त्यात चूक नव्हती. पण सात वर्षं मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात गायले, आणि ते मला परत पेटीवर बसले तेव्हा कळलं. म्हणून सांगते.

बाईंची काळजीही खोटी नाही. अरेथाच्या वरच्या हाका मुलीनं तशाच्या तशा मारू नयेत. स्वतःच्या पट्टीत गावं, गळा दुखला की थांबावं. सकाळचा खर्ज सोडायचा नाही, हे मात्र तिला माझं नाव घेऊन सांगा.

प्रश्न : सोल म्हणजे नेमकं काय?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : चर्चमधली गायकी देवाकडून माणसाकडे वळली, तिला ऱ्हिदम अँड ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नाचत्या गाण्यांचा ठेका मिळाला, ते सोल. वरच्या उत्तरातली अरेथा गायची ते हेच. आपल्या नाटककारांनी बंदिशींच्या चाली घेऊन पदं रचली, तसंच काहीसं. रे चार्ल्स, सॅम कुक हे तिच्या आधीचे गायक. कुक 1957 मध्ये भक्तिगीतं सोडून तिकडे गेला तेव्हा चर्चची माणसं दुखावली होती.

अरेथा मात्र प्रसिद्धीच्या शिखरावर असताना चर्चमध्ये परत आली. 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री ती गायली. त्या गाण्याची रेकॉर्ड निघाली, आणि तिच्या साऱ्या रेकॉर्डींत सगळ्यांत जास्त खपली ती हीच. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला रात्रभर बसला असाल, तर त्या दोन रात्री तुम्हाला परक्या वाटणार नाहीत. चित्रीकरणही आहे, जरूर बघा. दुसऱ्या रात्री अरेथा पियानोवर बसून गाते आहे, घामानं निथळते आहे, आणि वडील जागेवरून उठून येतात आणि रुमालानं तिचा चेहरा पुसतात. ती गातच राहते.