आईचा मोतीबिंदू किरकोळ आहे म्हणतात, तरी ती दाराच्या चौकटीला धडकते. मेंदूतल्या साध्या गाठीने असं होतं का?

होऊ शकतं. माझं झालं.

मी पुण्यात घरीच ब्लाउज शिवते. आधी गाडीवर जाणवलं. टिळक रोडवर बाजूने रिक्षा एकदम उगवायची. (पुण्यात यात नवल ते काय, म्हणा!) मग सुईत दोरा ओवता येईना. सुई दिसायची, पण तिच्यापलीकडचं गायब. तपासायला गेले की तक्ता मात्र शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे. एकाने नंबर बदलून दिला, दुसऱ्याने मोतीबिंदूची सुरुवात सांगितली.

तक्त्यावर फक्त मधली नजर कळते, कडेची नाही. माझी गाठ पिट्युटरी ग्रंथीत होती. पाळीची हार्मोन्सही सांभाळणारी ही ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी असते आणि तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. ग्रंथीतली गाठ वर वाढली की तिथे दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू आधी जाते. गाठ कॅन्सरची नसली तरी कवटीत जागा कुठून आणणार? डोकं दुखेलच असंही नाही, माझं कधी दुखलं नाही. पाळी थांबली होती, पण ती वयाच्या खात्यावर गेली.

म्हणून आईंची फील्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या. हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. एकेका डोळ्याने करतात, कंटाळवाणं असतं, आईंना आधी सांगून ठेवा. माझ्या कागदावर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी आली आणि तो काळेपणा मधल्या उभ्या रेषेशी येऊन थांबला होता. मोतीबिंदूने असं होत नाही, त्यात सगळंच धूसर होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघताच एमआरआय लिहून दिला.

तोवर घरी एवढं बघा: आईंना एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि उघड्या डोळ्याच्या कानाकडून बोट हलवत पुढे आणा. उशिरा दिसलं तर लगेच दाखवा. वेळेत दिसलं तरी टेस्ट टाळू नका.

गाठ निघालीच तर रक्तातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासतील. ते बनवणाऱ्या गाठी बहुतेकदा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आकसतात. माझी त्यातली नव्हती, नाकातून दुर्बिणीने काढली. उजव्या डोळ्याची बाजू बरीचशी परत आली. डाव्याची नाही, कारण तिथली नस तोवर सुकली होती आणि सुकलेली नस पुन्हा फुटत नाही. "साधी गाठ आहे, कशाला घाबरता?" असं कोणी म्हणालं की मला अजून राग येतो.

आणि हो, अचानक डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या, नजर झपाट्याने कमी झाली किंवा एकाचं दोन दिसू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत सरळ न्या, रात्र असली तरी.