इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यात कारखान्यांत तपासण्या होऊनही जादा कामाचे तास कमी का होत नाहीत?
कारण तपासणी कारखान्याची होते, ऑर्डर देण्याच्या पद्धतीची सहसा होत नाही. चीनच्या कामगार कायद्यानुसार महिन्याला 36 तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम घेता येत नाही. तरीही 2012 मध्ये फेअर लेबर असोसिएशन या कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने मोठ्या ब्रँडसाठी फोन जोडून देणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या चीनमधील कारखान्यांची पाहणी केली, तेव्हा ऐन हंगामात आठवड्याचे काम 60 तासांच्या वर गेलेले आढळले. नवा फोन बाजारात आणायची तारीख ब्रँड ठरवतो, मागणी ऐनवेळी वाढवतो आणि दर मात्र घासाघीस करून खाली आणतो, त्यामुळे सगळा ताण शेवटी असेंब्ली लाइनवर तोच बारीक स्क्रू दिवसभर बसवणाऱ्या माणसावर येतो. मूळ पगारात भागत नाही म्हणून तोही ओव्हरटाइम मागून घेतो. याला त्याची संमती म्हणणे मला अन्यायाचे वाटते.