प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दाराचं बाहेरचं हँडल काढून पुन्हा क्रोम करावं की नवीन बसवावं?

फेकू नका, एवढं आधी सांगतो. वडिलांच्या गाडीच्या हँडलवर फोड आलेत, बटण अडकतंय आणि मेकॅनिक ‘डुप्लिकेट टाकू’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. डुप्लिकेट दिसतं झकास, पण पुष्कळदा त्याचा तळ दाराच्या गोलाईशी जुळत नाही. मग फटीतून पाणी आत जातं, आणि कोल्हापूरचा पाऊस काही आठवड्यात उरकत नाही.

काढणं अवघड नाही, फक्त सगळे नट दाराच्या आतून आहेत. काच पूर्ण वर करून घ्या. आतलं हँडल आणि काच वर-खाली करायची मूठ काढा. त्यामागची वाटी आत दाबली की आडवी पिन नाहीतर यू आकाराची क्लिप दिसते. मग आतला पॅनेल. तो हार्डबोर्डचा असतो आणि ओल खाऊन फुगलेला असतो, म्हणून पेचकसाने उचकटू नका. लांबी (पुट्टी) भरायची रुंद पट्टी प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी घालून सोडवा. हँडलपासून लॅचपर्यंत, म्हणजे दार अडकवणाऱ्या खटक्यापर्यंत, जाणाऱ्या आतल्या दांड्यांचे फोटो काढून ठेवा आणि दाराच्या तळाशी जुनं फडकं पसरा, नट हमखास तिथंच पडतो. नट गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडा. गॅसची ज्योत मात्र लावायची नाही. कारण हे हँडल लोखंडाचं नाही, जस्ताच्या मिश्रधातूचं डायकास्ट आहे, ज्याला कारखान्यात मझाक म्हणतात. ते ४०० अंशांच्या आतच वितळतं.

नुसतं मळलं असेल, फोड नसतील, तर क्रोम करूच नका. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, थोडं पॉलिश, वर मेण, बास.

तुमच्याकडे फोड आहेत, म्हणजे क्रोमच्या खाली जस्त खाल्लं गेलंय आणि आत पांढरी पूड आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कोल्हापूरच्या कुठल्याही कारखान्यांच्या भागात चौकशी करा, पण पहिला प्रश्न एकच: ‘मझाकवर काम करता का?’ ज्याचं रोजचं काम लोखंडाचं, तो सवयीने जुनं क्रोम काढायला वस्तू ॲसिडमध्ये टाकतो, आणि जस्त ॲसिडमध्ये फसफसून विरघळायला लागतं. ‘ह्यो काय, लोखंडच की’ असं कुणी म्हणालं तर चुंबक लावून दाखवा, लोखंडासारखं घट्ट धरत नाही.

नीट काम करणारा प्रत्येक खड्डा कोरून पूड काढतो, मग तांब्याचा थर चढवतो, घासतो, पुन्हा तांबं चढवतो. खड्डे या तांब्यानेच भरतात. त्यावर निकेल आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ थर. चमक आणि टिकाऊपणा बहुतेक निकेलचा असतो, म्हणून निकेलमध्ये काटकसर करणारा स्वस्त भाव घेऊ नका. बफिंगवाल्याला, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमक आणणाऱ्याला, कडा सांभाळायला सांगा. हुपरीतला चांदीचा कारागीर बफ सुंदर मारेल, पण क्रोमची टाकी हे वेगळंच काम आहे.

देण्याआधी बटण, स्प्रिंग आणि कुलूप हँडलमध्ये असेल तर तेही काढून डबीत ठेवा. बटणाचं भोक आणि आटे झाकून घ्यायला सांगा. भोकात थर चढला तर बटण पुन्हा अडकणार.

बसवताना खाली नवीन रबर हवंच. तयार मिळालं नाही तर जुन्या ट्यूबमधून कापा. ते जस्त आणि पत्रा एकमेकांपासून वेगळे ठेवतं, पाणीही अडवतं. नट बेताने आवळा, डायकास्ट तडकतं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. कुलपात तेल नको, ग्रॅफाइटची पूड घाला.

आणि दार लगेच बंद करू नका. उघड्या दारातच लॅच पेचकसाने फिरवून अडकवा, मग बाहेरचं बटण दाबून तो सुटतोय का ते चार-पाच वेळा बघा. सुटत नसेल तर दांडीची लांबी तेव्हाच जुळवा. पॅनेल त्यानंतर लावा.